लाल क्रेट आणि पाच का

गेल्या दोन महिन्यांपासून मी मैदानाच्या कडेला नुसतं बसायला शिकतोय. जमत नाही. गॅरेजवाल्या मित्राने बसायला एक जुना टायर दिलाय, त्यावर मी जेमतेम पाच मिनिटं टिकतो. मग उठतो, पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, परत येतो, पँट झटकतो, पुन्हा बसतो. गुडघा आपोआप हलत राहतो. गळ्यात शिट्टी नाही, तरी हात छातीवर शिट्टी शोधायला जातो. समोर माझी चौदा वर्षांची मुलगी चढाईला गेलेली असते आणि मला तोंड बंद ठेवायचं असतं. ही तिची अट आहे. अट मोडली तर ती कबड्डी सोडणार, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे. हा हट्ट तिने माझ्याकडूनच उचललाय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

चऱ्होलीत आमच्या घरामागे मोकळा राहिलेला हा एकच तुकडा. तिन्ही बाजूंनी सोसायट्या उठल्यात, चौथ्या बाजूला रस्ता आणि रस्त्याच्या कडेला मित्राचं दुचाकीचं गॅरेज. आम्ही दोघं एकेकाळी गावाच्या संघात खेळायचो, तो डाव्या कोपऱ्यात आणि मी त्याच्या शेजारी. पुढे त्याचा गुडघा गेला आणि मला कंपनी लागली. सहा वर्षांपूर्वी, मुलगी आठ वर्षांची असताना, तिला आणि गल्लीतल्या चार पोरींना मी इथे कबड्डी शिकवायला लागलो. वाढत वाढत त्या अठरा झाल्या. मी खडे वेचून माती चाळली, चुन्याच्या रेषा मारल्या, गळ्यात शिट्टी अडकवली. मैदानावर मला सर म्हणायचं असा नियम केला, मुलीलासुद्धा. घरी पप्पा, चुन्याच्या आत सर.

चाकणला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक पोलादी तुकडा आमच्या लाइनवर तयार होतो. त्याचं भोक बरोबर आहे का हे मी गेजने तपासतो. गेज म्हणजे दोन टोकांचा दांडा. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जायला नको. गेलं किंवा नाही गेलं, एवढंच. किती थोडक्यात हुकलं हे गेज सांगत नाही आणि मीही विचारत नाही. तुकडा पास, नाही तर लाल क्रेटमध्ये. वीस वर्षं हेच करतोय. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो, आणि ही सवय गेटवर काढून ठेवता येत नाही. हॉटेलात गेलो तर टेबल डुगडुगतंय का ते आधी बघतो. बायको म्हणते, तुम्ही लग्नाच्या मांडवातसुद्धा वाकडा खांब शोधाल. एकदा शोधलाही आहे.

समोरच्या सोसायटीत जाळी लावून एक क्रिकेट अकादमी चालते. मी आणि मित्र चहा पिता पिता तिथल्या कोचची बिनपाण्याने करायचो. पंधरा पोरं रांगेत उभी, एकाच्या हातात बॅट, आणि हा फोनवर. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. तोवर पोरांचा घाम वाळतो, अंग थंड पडतं, आणि त्या थंड अंगाने त्यांना जोरात पळायला लावतो. ज्याला चांगलं येतं त्यालाच पुन्हा पुन्हा बॅट. जो चुकेल त्याला मैदानाच्या चार चकरा, म्हणजे पळणं ही शिक्षा असते हे पोरांच्या डोक्यात पक्कं. मी हे सगळं बोटांवर मोजून सांगायचो. मित्र हसायचा. कधी कधी हसू थांबवून नुसता माझ्याकडे बघायचा. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही, याचा आता स्वतःचाच राग येतो.

दिवाळी झाली, स्पर्धांचे दिवस जवळ आले, तसा माझ्या अंगात जोर चढला. कोपऱ्याला तडा गेला म्हणून भंगारात काढलेला एक लाल क्रेट मी कंपनीतून रीतसर गेटपास करून आणला आणि मैदानाच्या कोपऱ्यात ठेवला. आमच्याकडे पद्धत अशी की, तुकडा लाल क्रेटमध्ये पडला की ज्याच्या मशीनवर तो झाला त्याला तिथे बोलवायचं आणि पाच वेळा ‘का’ विचारायचं. त्याने दिलेल्या प्रत्येक उत्तरावर पुढचा का. पाचव्यापर्यंत मूळ सापडतं असं आम्हाला शिकवलंय, आणि मशीनच्या बाबतीत ते खरं आहे. तुंबलेली नळी सापडते, सैल झालेला बोल्ट सापडतो. मी तेच पोरींना लावलं. जी बाद होईल तिने क्रेटजवळ येऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

“बाद का झालीस?”

“पकडले गेले, सर.”

“का पकडली गेलीस?”

“फिरायला उशीर झाला.”

“उशीर का झाला?”

“आत लांब गेले होते.”

“लांब का गेलीस?”

“कोपऱ्यातलीला पाय मारायला.”

“पाय मारायला का गेलीस?”

इथे पोरगी मान खाली घालायची. या प्रश्नाला खरं म्हणजे उत्तरच नाही. चढाईला जातात ते त्यासाठीच. पण सतरा जणी बघत असताना गप्प किती वेळ उभं राहणार? कुणीतरी पहिल्यांदा एक उत्तर दिलं आणि महिन्याभरात ते सगळ्यांचं झालं. “चूक झाली, सर. परत नाही जाणार.” ते ऐकलं की मी समाधानाने शिट्टी फुंकायचो आणि पुढचा डाव सुरू व्हायचा.

आणि खरोखरच त्या जाईनाशा झाल्या. समोरच्या अंगणात शिरून निदानरेषा ओलांडली आणि कुणाला न शिवता परत आलं, तर चढाई रिकामी जाते. गुण मिळत नाही, पण बादही होत नाही. क्रेट टळतो. पोरी हुशार आहेत, त्यांनी हे माझ्याआधी हेरलं. रेषेपलीकडे एक पाय, दोन ठेके, की परत घरी. मी रोजच्या चुका वहीत लिहायचो. एका पानावर मावत नव्हत्या, त्या चार ओळींवर आल्या. एका संध्याकाळी पान कोरं राहिलं. त्या दिवशी मी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं आणि कंपनीत जाऊन लाइनवरच्या पोरांना हा किस्सा ऐकवला.

माझी मुलगी पूर्वी परत येताना पाठमोरी व्हायची आणि अचानक मागे पाय फेकायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. बहुतेक वेळा पकडली जायची, तीन पोरींच्या ढिगाखाली सापडायची आणि मातीने भरलेलं तोंड घेऊन हसत उठायची. तो पाय नेमका कधी बंद झाला, मला आठवत नाही. वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

मित्राला मात्र दिसत होतं. एका गुरुवारी, कंपनीला सुट्टी म्हणून सकाळचा सराव झाला, तेव्हा तो पाना पुसत म्हणाला, “तुझ्या पोरी लई गुणाच्या झाल्यात राव. कुणी पडंना बी आन् कुणी हसंना बी.”

“चुका कमी झाल्यात,” मी म्हणालो.

“व्हय, ते दिसतंयच. क्रिकेटवाला पळवतो, तू उभं करतोस. येवढाच फरक हाय.”

मला ते झोंबलं. अर्धा चहा तसाच ठेवून उठलो आणि त्यानंतर बरेच दिवस मी गॅरेजकडे फिरकलो नाही. क्रेटच्या जागेवरून गॅरेज दिसायचं, म्हणून मी पाठ करून उभा राहायला लागलो.

मग पुनावळ्याची स्पर्धा आली. तिथल्या एका मंडळाने मुलींचे सामने ठेवले होते. दुसऱ्याच फेरीत, शेवटच्या मिनिटाला, आम्ही एका गुणाने मागे होतो. आमच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारी बाद. सरावात हा नियम मी लावतच नव्हतो, वेळ जातो म्हणून. तिसरी चढाई माझ्या मुलीवर आली.

ती आत गेली. निदानरेषेपलीकडे एक पाय टाकला. एक ठेका, दुसरा ठेका. कोपऱ्यातली त्यांची मुलगी एक पाय पुढे काढून उभी होती, अगदी टप्प्यात. मी ओरडत होतो, आमच्या सगळ्या पोरी ओरडत होत्या. माझी मुलगी वळली आणि मध्यरेषेवर परत आली. श्वास शिल्लक होता, वेळ शिल्लक होता. पंचाने हात वर केला. कुणाचं बोटसुद्धा न लागता ती बाद झाली. समोरची ती कोपऱ्यातली मुलगी गोंधळून आपल्या कोचकडे बघत राहिली. आनंद करायचा की नाही हे तिला कळेना.

गाडीवर येताना मुलीने आमच्या दोघांच्या मध्ये बॅग ठेवली. आकुर्डीचा सिग्नल येईपर्यंत मी दम धरला. पुढे धरवला नाही.

“परत का आलीस?”

“मला कुणी शिवलं नाही, सर.”

“तेच विचारतोय. का आलीस परत?”

“नाही तर पकडले गेले असते.”

“का पकडली गेली असतीस?”

“लांब गेले असते म्हणून.”

“मग गेली का नाहीस?”

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी गाडी पुढे काढली. मग बॅगेपलीकडून ती शांतपणे म्हणाली, “परत नाही जाणार, असं म्हणाले होते ना मी.”

मी तिला दोनदा आरशात बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. भोसरी ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आलं की आज ती मला गाडीवरही सरच म्हणाली होती. रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की ती मोठ्यांच्या संघात खेळणार नाही, फार तर लहान पोरींना शिकवेल. मी तिच्याशी भांडलो असतो, पण मार्चअखेरचा ओव्हरटाइम सुरू झाला होता आणि मला मैदानावर पोहोचताच येत नव्हतं. शिट्टी तिच्या हातात दिली. खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. खेळत नाही तर नाही, निदान मैदान तरी सुटणार नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. ती समजूत दोन दिवसही टिकली नाही. मशीनवर उभा असताना कोपऱ्यातल्या त्या मुलीचा पुढे काढलेला पाय दिसायचा, आणि मी तपासलेले तुकडे पुन्हा तपासायचो.

एका दुपारी लाइन बंद पडली आणि मी फर्स्ट शिफ्ट संपताच निघालो. आळंदीच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत तासभर गेला, तरी सराव चालू असतानाच पोहोचलो. गाडी गॅरेजसमोर लावली. मित्र खाली बसून चाक खोलत होता. इतक्या दिवसांनी त्याने मान वर केली आणि म्हणाला, “आलास व्हय. बस.”

मी बसलो नाही. समोर माझी मुलगी उभी होती. डावा हात पाठीमागे, शिट्टी दातांत, उजवा गुडघा हलतोय. मी लांबून स्वतःला पहिल्यांदाच बघत होतो.

चढाईला एक आठ वर्षांची पोरगी गेली होती. मराठवाड्यातून आलेलं कुटुंब आहे, मागच्या खोल्यांत राहतं. पुढचे दोन दात पडलेले. दोघींना शिवली, तिघींनी तिला धरलं, तरी तिघींना ओढत ती मध्यरेषेकडे येत राहिली आणि रेषेच्या जरासं अलीकडे पडली. नाकाला माती लागलेली, तशीच हसत उठली. मुलीने बोट क्रेटकडे केलं. पोरगी गेली, उभी राहिली, हसू अजून तोंडावर होतं.

“बाद का झालीस?”

“ताई, रेष एवढीच ऱ्हायली होती बगा.” तिने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.

“एवढी आणि तेवढी असं नसतं. बाद ते बाद. का झालीस ते सांग.”

ते माझं वाक्य होतं. ‘बाद ते बाद’नंतर मी जसा थांबतो, तशीच ती थांबली. पोरीची दोन बोटं थोडा वेळ तशीच हवेत राहिली, मग खाली आली. पुढचे ‘का’ झाले. पाचव्याला ती खालच्या आवाजात म्हणाली, “परत न्हाई जाणार, ताई.” आणि माझ्या मुलीने शिट्टी फुंकली.

लाज वाटली, अशी की गाडीला किक मारून पुन्हा चाकणला निघून जावं. क्रिकेटवाल्याचे दोष मी बोटांवर मोजून सांगत होतो, आणि स्वतःचा दोष दिवाळीपासून शिट्टीसारखा गळ्यात घालून फिरत होतो. मी तरातरा मैदानाकडे निघालो. मित्राने मागून दंड धरला. गुडघा गेलाय, पण त्याची पकड अजून तशीच आहे.

“आता तिला ‘का’ विचारायला चाललास?” तो म्हणाला.

मी थांबलो, कारण खरोखर तेच विचारायला चाललो होतो.

त्या संध्याकाळी घरी मी मुलीला सांगितलं की माझं चुकलं. तिने जेवता जेवता ऐकून घेतलं. मी पद्धत चुकीची का होती हे समजावायला लागलो, क्रेट, गेज, मशीन, सगळं. तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “मी खेळीन. तुम्ही बसायचं. बोलायचं नाही.” बायकोने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तो विषय तिथेच संपला.

तेव्हापासून शिट्टी मित्राकडे आहे. ऑइलच्या हातानेच तो ती तोंडात धरतो. लाल क्रेटमध्ये आता गॅरेजच्या जुन्या चेन पडलेल्या असतात. त्याच्या सरावात प्रत्येक चढाई तिसरी असते, कुणीही रिकामी परत यायचं नाही. पोरी धडाधड बाद होतात, पडतात, उठतात, पुन्हा जातात. पहिल्या आठवड्यात मला ते बघवत नव्हतं. वही काढून लिहायला लागावं असं हाताला वाटायचं. मुलगी मोठ्यांच्या संघात परतली, पण खेळ तोच, एक पाय, दोन ठेके. मित्र तिला ओरडत नव्हता. बाद झाली की नुसतं “पुन्हा” म्हणायचा. मी टायरवर बसून स्वतःचे ओठ चावायचो. हिचं गेलेलं परत येणार की नाही, याचं उत्तर द्यायला मला कुणीच नव्हतं.

परवा ते झालं. परत येताना ती एकदम पाठमोरी झाली आणि मागे पाय फेकला. लागला. दोघींनी झडप घातली, ती त्यांच्यासकट रांगत मध्यरेषेकडे आली, हात लांब केला आणि तिथेच थांबली. बाद. ती उठली आणि सवयीने कोपऱ्याकडे बघितलं. क्रेट तिथे नव्हता. मग ती माझ्याकडे आली आणि समोर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. पाच उत्तरं ती जुळवत होती, कुणी विचारलं नसताना.

माझ्या तोंडात पहिला ‘का’ येऊन बसला होता. मैदानावर मी तिला दुसरं काही कधी विचारल्याचं मला आठवेना. बोलायचं नाही अशी अट, आणि ती तर वाट बघत उभी.

“रेषा किती राहिली होती?” मी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. मग ती मागे गेली, मातीत उमटलेल्या बोटांच्या खुणेपाशी गुडघ्यावर बसली आणि खुणेपासून चुन्यापर्यंत हात मांडला.

“एक वीत. आणि दोन बोटं.”

मित्राने शिट्टी वाजवली आणि डाव पुढे गेला. अट मोडली होती. ती विसरली की तिने सोडून दिलं, मी विचारलं नाही. पुढच्या चढाईला पुन्हा तो पाय निघाला, पुन्हा ती पकडली गेली. या वेळी माझ्याकडे न बघता तिने जागेवरच हात मांडला, आणि मला इथून दिसलं की वितीच्या पुढे बोटं लागली नाहीत.

त्यानंतर लहान पोरींचा डाव होता. दात पडलेली ती पोरगी दोन महिने दोन ठेके घेऊन परत येत होती. मोठ्यांचं बघून असेल किंवा काय, ती एकदम आत शिरली, कोपऱ्यातलीला शिवली आणि चौघींच्या खाली सापडली. वरच्या पोरी उठल्या तरी ती पालथीच पडून होती. बाद झालेली, रेषेच्या अलीकडे. भीत भीत तिने मान वर करून माझ्या मुलीकडे बघितलं.

माझी मुलगी तिच्याशेजारी मातीत गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “दाखव, किती राहिली?”